पदर उलटा करून बघा

त्या बाईंनी पदर उलटा केला आणि भाऊसाहेबांचा हात साडीवरच थांबला.

मार्गशीर्ष होता. लग्नाची गिऱ्हाइकं सकाळपासून येवल्यात उतरत होती. साताऱ्याहून आलेल्या तिघी जणी ‘निरगुडे पैठणी पॅलेस’च्या गादीवर बसल्या होत्या : नवरी, तिची आई आणि मावशी. आमचे जुने सेल्समन भाऊसाहेब एकेक पैठणी उलगडून पुढ्यात टाकत होते. जांभळी नवरीच्या मनात भरली होती, आईने मान डोलावली होती, आता नुसती घडी घालून पिशवीत ठेवायची बाकी होती. तेवढ्यात मावशींनी पर्समधून एक छापील कागद काढला, चष्मा लावला आणि पदराचं टोक उचलून उलटं केलं. मागच्या बाजूला एका मोराच्या पोटातून निघालेले धागे सुटेच दुसऱ्या मोरापर्यंत गेले होते. काही मधेच कापलेले होते.

भाऊसाहेब म्हणाले, मागची बाजू कोण बघतंय, नेसल्यावर ती आतच जाते.

"तुम्ही हातमागाची म्हणालात ना?" मावशींनी कागदावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, हातमागावरचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो. मागं धागे लोंबत असले तर ती यंत्रावरची."

गादीच्या मागे, काउंटरला लागून माझं कॉम्प्युटरचं टेबल होतं. मी मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मला हसू फुटत होतं.

गोरखशेठ निरगुडे स्वतः उठून आले. चहा मागवला, आजकाल कोणीही काहीही लिहितं म्हणाले, तीन पिढ्यांची पेढी आहे म्हणाले. मावशी ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की दोन्हीकडून सारखी दिसणारी एक तरी साडी दाखवता का? तशी एक दुकानात होती, माझ्या आईने विणलेली, शेठच्या मागच्या काचेच्या कपाटात. पण ती बाहेर काढली असती तर गादीवरच्या बाकीच्या पंचवीस साड्यांची लाज निघाली असती. शेठनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिघी उठून गेल्या. मावशींचा कागद तेवढा गादीवर राहिला.

शेठनी तो न वाचताच माझ्या टेबलावर आणून आपटला. "हर्षदा, हे कुणाचं काम आहे ते शोध. परवा पुण्याच्या बाईनं हेच केलं, काल ठाण्याच्या. कुणीतरी दावा साधतोय आपल्याशी."

"बघते शेठ," मी म्हणाले.

शोधायचं काय त्यात? तो लेख मीच लिहिला होता.

हे सगळं कसं झालं ते सांगते. बी. ए. झाल्यावर मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि घरी बसून होते. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात आई आणि तिचा माग. आई शेठच्या रेशमावर मजुरीने विणायची, म्हणजे रेशीम आणि जर शेठची, हात आणि डोळे आईचे. शेठनी वेबसाइट काढली तेव्हा त्यांना मराठी टाइप करणारं कुणीतरी हवं होतं आणि आईच्या ओळखीने मी चिकटले.

वेबसाइट करून देणारा दर्शन पिंगळे नाशिकहून यायचा. केसांना जेल, कमरेला दोन मोबाइल. त्यानेच शेठना पटवलं, की नुसती वेबसाइट काढून भागत नाही, तिच्याविषयी लेख लिहून ते इंटरनेटभर पसरावे लागतात. तेव्हा कुणाचेही लेख फुकट छापणाऱ्या साइटींचं पेव फुटलं होतं. आपण लेख टाकायचा, खाली चौकटीत आपल्या वेबसाइटची लिंक द्यायची. जितक्या ठिकाणी लिंक तितकं गूगल आपल्याला वर आणून बसवणार, असा हिशोब. दर्शनने मला नियम शिकवले. लेख साडेचारशे शब्दांचा. ‘येवला पैठणी’ हे दोन शब्द पाच वेळा आलेच पाहिजेत. मग तोच लेख जरा इकडचा तिकडे करून त्रेचाळीस ठिकाणी टाकायचा. मी एकदा विचारलं, की इतक्या ठिकाणी हे वाचणार कोण? तो हसला. म्हणाला, "मॅडम, लेख माणसांसाठी नसतो. गूगलसाठी असतो."

मी मुकाट लिहायला लागले. पैठणीची निगा कशी राखावी, सावळ्या नवरीला कोणता रंग खुलतो, पैठणीवर कोणते दागिने शोभतात. यातलं मला काडीचंही कळत नव्हतं, माझ्याकडे पैठणी नव्हती आणि दागिने तर नव्हतेच. विणकराच्या घरात पैठणी विणली जाते, नेसली जात नाही. शेठ रोज संध्याकाळी विचारायचे, आज किती झाले? मी आकडा सांगायचे. त्यांनी एकही लेख उघडून पाहिला नाही, आणि दर्शन फक्त लिंक चालते का एवढं दाबून बघायचा.

दिवाळीआधी शेठ फोटोग्राफर घेऊन आमच्या घरी आले. मागावर बसलेल्या आईचे फोटो काढायचे होते. आईने ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढलं, केसांना तेल लावलं. तिला मनातून आनंद झाला होता, मला दिसत होतं. आठवड्याने फोटो वेबसाइटवर आला. पहिल्याच पानावर आई, मागावर वाकलेली, आणि तिच्या शेजारी साड्यांची रांग. वर लिहिलं होतं : प्रत्येक पैठणी सुभद्राबाईंसारख्या कारागिरांच्या हातून.

आईला बघायचंच होतं, म्हणून एका रविवारी दुकान बंद असताना मी तिला टेबलापाशी बसवलं. स्वतःच्या फोटोकडे तिने फार वेळ पाहिलं नाही. शेजारच्या साडीकडे बघत राहिली. मोठं करून दाखव म्हणाली. मी केलं.

"हे हातचं नाय," ती म्हणाली. "चारी मोर एका मापाचे हायेत. हातानं विणलेले दोन मोर कधी सारखे होत नाहीत. एखाद्याची मान तरी वाकडी जातीच."

मी तिला सांगितलं, की दुकानातला बहुतेक माल आता बाहेरगावच्या यंत्रमागावरूनच येतो. हे तिलाही कळत होतंच, दसऱ्यापासून शेठनी नवीन रेशीम दिलं नव्हतं. मागावर शेवटची एक साडी होती आणि ती संपू नये म्हणून आई मुद्दाम सावकाश विणत होती. पण ते तिने बोलून दाखवलं नाही. वेगळंच विचारलं.

"म्हंजे बायका माझ्या तोंडाकडं बघून ह्या साड्या घेतात का गं?"

मी कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी ती स्वतः शेठकडे गेली आणि फोटो काढून टाका म्हणाली. शेठ हसले. अहो सुभद्राबाई, अमेरिकेतली माणसं तुम्हाला बघतायत, फुकटची प्रसिद्धी आहे, आणि तुम्ही कशाला नाकाने कांदे सोलता? आई घरी आली आणि मागावर बसली. त्या दिवशी तिने एक बोटभरही विणलं नाही. मी आजवर पुष्कळ वेळा चिडले आहे, माझा स्वभावच तसा. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. तो मला झोपू देत नव्हता आणि जेवूही देत नव्हता.

मग मी वही घेऊन आईजवळ बसले आणि अस्सल पैठणी कशी ओळखायची ते विचारलं. तिने पदर उलटा करून दाखवला. काठ आणि अंग एकमेकांत कसं गुंतवलेलं असतं ते दाखवलं, जर नखाने घासून दाखवली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिचं बोलणं लिहून घेत होतं. मी त्याचा लेख केला : ‘पैठणी घेताना पदर उलटा करून बघा’. बरोबर साडेचारशे शब्द. ‘येवला पैठणी’ पाच वेळा. त्रेचाळीस ठिकाणी टाकला. आणि खाली चौकटीत, नियमाप्रमाणे, निरगुडे पैठणी पॅलेसची लिंक. दुसऱ्या कुणाची लिंक दिली असती तर दर्शनने पकडलं असतं, हे एक. दुसरं म्हणजे, मला बायका इथेच यायला हव्या होत्या. याच गादीवर बसून त्यांनी पदर उलटा करावा, हेच तर मला हवं होतं.

तर साताऱ्याच्या मावशी येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी दर्शन उगवला, हातात पेढ्यांचा बॉक्स. शेठ, अभिनंदन करा, म्हणाला. वेबसाइट एकदम वर आली होती. रोज शेकड्यांनी माणसं येत होती, आणि गंमत म्हणजे सगळी एकाच लेखावरून. लोक तो लेख एकमेकांना पाठवत होते, छापून घेत होते. मॅडमनी कमाल केली, म्हणाला, आणि लॅपटॉप शेठकडे वळवून लेखाचं नाव मोठ्याने वाचलं.

शेठनी पेढा तोंडाजवळ नेला होता. तो तसाच बॉक्समध्ये ठेवला. लॅपटॉप पुढे ओढून त्यांनी तो लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खालची चौकटही वाचली, आपल्याच दुकानाचं नाव, आपलाच फोन नंबर. पेढीवर बसल्यापासून त्यांनी इतकं लक्ष देऊन काही वाचलं असेल असं मला वाटत नाही.

"तू हा वाचला नव्हतास?" त्यांनी दर्शनला विचारलं.

"शेठ, मी लेख मोजतो," दर्शन बावरून म्हणाला. "वाचत नाही."

मग शेठ माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. भाऊसाहेबांना शटर अर्धं ओढायला सांगितलं आणि म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसं केलंस. ज्या घरचं मीठ खाल्लंस त्याच घरावर उलटलीस."

"मीठ आईच्या मजुरीचं होतं शेठ. आणि लेखात खोटं काय आहे ते दाखवा."

"खऱ्याखोट्याचं कोण विचारतंय तुला? काढून टाक तो. सगळीकडून."

दर्शन मधेच म्हणाला, की पासवर्ड सगळे मॅडमकडेच आहेत, त्यांनीच काढला तर निघेल. त्याला वाटलं असावं तो मदत करतोय.

"काढता येतो," मी म्हणाले. "पण मी काढणार नाही."

 शेठनी पेढ्यांचा बॉक्स बाजूला सारला. मग अगदी समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं, की लेख निघाला तर आईच्या मागावर पुढच्या सोमवारी तीन साड्यांचं रेशीम चढेल, नाही निघाला तर येवल्यातला एकही व्यापारी तिला रेशमाचा धागा देणार नाही, ते स्वतः सगळ्यांना सांगतील. उद्या दुपारपर्यंतची मुदत. आईला विचार, म्हणाले, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

ते ऐकून मात्र मी गार झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझं नेहमीचंच. पण यावेळी जीभ माझी होती आणि माग आईचा. आईला विणण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. घरी जाताना मी मनाशी ठरवलं, की आई म्हणाली तर लेख काढायचा. ओठ चावून काढायचा, पण काढायचा.

आई मागावरच होती. मी उंबऱ्यात बसूनच सगळं सांगितलं, शेठचे शब्द जसेच्या तसे. तिने हातातला धागा सोडला नाही.

"त्यात खोटं काही लिहिलंस का?"

"नाही. तू सांगितलंस तेवढंच."

"काढलास का?"

"नाही अजून. तू म्हणशील तसं करते."

ती उठली. भाकऱ्या केल्या, मला वाढलं, स्वतः जेवली, शेजारच्या काकूंशी अंगणात बोलत बसली. मला वाटलं, तिला तोंडाने ‘काढ’ म्हणायची लाज वाटतेय आणि मीच समजून घ्यावं अशी तिची इच्छा आहे. उद्या दुकानात जाऊन मुकाट्याने काढून टाकू, असं मी धरूनच चालले.

सकाळी मी चहा करत होते. मागाच्या खोलीतून कात्रीचा आवाज आला.

आमच्या घरात मागावर चढवलेला ताणा कधी कापत नाहीत. उभ्या धाग्यांचा तो एवढा पसारा, साडी पूर्ण होईपर्यंत त्याला कात्री लागत नाही. माझे वडील गेले त्या दिवशीसुद्धा मागावर अर्धी साडी होती, तेरावं झाल्यावर आईने तीच पुढे विणायला घेतली होती. आणि आता ती खड्ड्यात उभी राहून ताणा कापत होती. घाईने नाही, या काठापासून त्या काठापर्यंत, एका सरळ रेषेत. विणून झालेला पाऊण साडीचा भाग तिने घडी केला, उरलेलं रेशीम गुंडाळलं, जरीची रिळं मोजून वर ठेवली आणि सगळं एका धुतलेल्या पंच्यात बांधलं. तिचे डोळे कोरडे होते. रडत होते ती मी.

"चल," ती म्हणाली.

दुकानात त्या वेळी दोन कुटुंबं गादीवर होती. शेठ काउंटरवर होते. आईला बघून त्यांना वाटलं ती गयावया करायला आली. हसून म्हणाले, या सुभद्राबाई, आत बसू, चहा घेऊ. आईने चपला दाराशी काढल्या, गादीच्या कडेने चालत गेली आणि गाठोडं काउंटरवर ठेवलं.

"बसायला नाय आले शेठ. हे रेशीम तुमचं, ते परत आणलंय. तोंड माझं हाय. ते माझं मला परत द्या."

गादीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. एकीने आईकडे निरखून बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, अगं, या त्या फोटोतल्या. शेठनी पंचा जरासा उघडला आणि त्यांना कापलेली कड दिसली. ते व्यापारी असले तरी विणकरांच्या गावातले होते. ताणा कापून आणणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला.

मी माझ्या टेबलाशी गेले आणि कॉम्प्युटर लावला. शेठ म्हणाले, हर्षदा, हात लावू नकोस. मी लावला. आईला जवळ बोलावलं आणि तिच्या डोळ्यांदेखत पहिल्या पानावरून तिचा फोटो काढला, वरची ‘सुभद्राबाईंसारख्या’ ही ओळही काढली. मग खुर्ची आत सरकवली. शेठ उठले नाहीत. एवढ्या गिऱ्हाइकांसमोर ते काय करणार होते?

नंतर काय झालं असं लोक विचारतात, तर शेठ काही पाया पडत आले नाहीत. त्यांचं दुकान अजून आहे आणि बरं चालतं. त्यांनी शब्दही पाळला, येवल्यातल्या एकाही व्यापाऱ्याने पुढे सात महिने आईला रेशीम दिलं नाही. माग रिकामा होता. आईने साड्यांना फॉल लावले, मी शिकवण्या घेतल्या, आणि त्या सात महिन्यांत आमचं पुष्कळ वेळा कडाक्याचं भांडणही झालं. पण ताणा का कापला, असं ती एकदाही म्हणाली नाही. लेख का लिहिलास, असंही नाही.

तिने विचारलं ते वेगळंच, आणि ते त्याच दिवशी. दुकानातून बाहेर पडून आम्ही चालत होतो. मी अजून तावातच होते, शेठचा चेहरा कसा पडला ते तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. ती ऐकत होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर थांबली.

"त्या लेखाखाली नाव कुणाचं घातलंस?"

"मालती देशमुख."

"ती कोण?"

"कुणी नाही. मनानेच घातलं. सगळ्याच लेखांखाली तसली नावं घालायचे मी, दर्शनने सांगितलं होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. शेठकडे पाहिलं होतं तसंच. सकाळपासून माझ्या अंगात चढलेली सगळी वीरश्री त्या एका नजरेने उतरली. मी इतकी लढले होते आणि लढताना तिची विद्या एका नसलेल्या बाईच्या नावावर करून मोकळी झाले होते.

"शिकवलं मी," ती म्हणाली. "मग माझं घाल."

"आई, अख्ख्या गावाला कळेल मग. कुणी रेशीम देणार नाही."

"तसंबी देणार नायत. घाल."

घरी न जाता आम्ही बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत गेलो. आई माझ्या शेजारी स्टुलावर बसली, हातात चष्म्याचं घर धरून. मी एकेक साइट उघडली, मालती देशमुख खोडली, निरगुड्यांची लिंक खोडली. आमची वेबसाइट नव्हती, म्हणून चौकटीत घराचा पत्ता घातला. पहिल्या पानावर नाव उमटलं तेव्हा तिने ते वाचायला लावलं, मग दुसऱ्या पानावर, मग तिसऱ्या. मी म्हणाले, सगळीकडे तेच आहे. ती म्हणाली, असू दे, वाच.

मी त्रेचाळीस वेळा वाचलं. सुभद्राबाई तुकाराम वरोडे, विणकर, येवला.